पिंपळदऱ्याच्या वीराबद्दल अभिप्राय

चिंतामणराव आठल्यांनी टपालाच्या पुडक्याची सुतळी दाताने तोडून पाहिली. दात हलला, सुतळी हलली नाही, तेव्हा त्यांनी तो नाद सोडला आणि विळी मागितली.

"विळीवर कांदा चिरतेय," विनोदिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "साताऱ्याचं आहे ना? मग भिजू दे कांद्याच्या पाण्यात. परवा तुम्ही गोपाळकृष्णांना लिहिणार होता की, आता पुरे म्हणून."

"लिहिणार होतो."

"मग?"

"पेनातली शाई संपली."

शाई संपली नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते. सांगलीच्या कॉलेजातून निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती आणि त्यांच्या नावाने येणारे टपाल म्हणजे साताऱ्याच्या इतिहास मंडळाचे हे पुडके, एवढेच काय ते उरले होते. मंडळाचे त्रैमासिक निघे. त्यात छापायला आलेला प्रत्येक लेख आधी कुणातरी जाणकाराने वाचायचा, छापावा की छापू नये ते लिहून द्यायचे. लेखकाचे नाव जाणकाराला कळू द्यायचे नाही, जाणकाराचे लेखकाला. संपादक गोपाळकृष्ण फणसळकर स्वतः खळीने लेखकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवत. चिंतामणराव हे काम अठरा वर्षे करत आले होते आणि अगदी वैतागून गेले होते. चारांतले तीन लेखक आपल्याच घराण्याच्या सनदा घेऊन येत. पट्टीखाली आडनाव झाकलेले असले तरी दुसऱ्या पानावर घराण्याची स्तुती सुरू झाली की ते कळायचेच. चौथा लेखक बरा असला तर त्याचे अक्षर वाचवत नसे. त्यात आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता.

शेवटी कात्री सापडली. पुडक्यातून वीस-बावीस फुलस्केप कागद निघाले. अक्षर शाळामास्तरांचे असते तसे, सुटे आणि स्वच्छ. वर शीर्षक होते, 'पिंपळदरे येथील वीरगळ व त्याची मौखिक परंपरा'.

चिंतामणरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला. गावाचे नाव तेच राहिले.

खटाव तालुक्यातल्या या पिंपळदऱ्याला ते १९५१ साली तीन दिवस जाऊन राहिले होते. गावाबाहेर कोरड्या तळ्याच्या काठी एक वीरगळ होता, म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. त्यावर अक्षर एकही नव्हते. असले दगड महाराष्ट्रात ढिगाने आहेत आणि बहुतेक सगळे गुरे पळवणाऱ्यांशी झुंजताना मेलेल्यांचे. पण या दगडात कोरलेल्या गाईच्या मागून एक तिरपी रेघ खाली गेली होती. ती चिंतामणरावांना तळ्याचा बांध वाटली. हा माणूस गुरांसाठी नव्हे, तळे फुटू नये म्हणून मेला, असा लेख त्यांनी पुढच्या वर्षी लिहिला. आयुष्यात त्यांनी केलेले एवढेच एक धाडसाचे अनुमान. त्यावर पुण्याच्या एका पंडितांनी दोन ओळींचा शेरा मारला होता : 'आठल्यांस जेथे धरण दिसले तेथे आम्हांस गाईचे शेपूट दिसते.' बावीस वर्षे कुठल्याही परिषदेत चहाच्या वेळी कुणी ना कुणी ते शेपूट काढायचेच. चिंतामणराव हसायचे. हसून हसून त्यांनी पुढे काही लिहिलेच नाही.

आणि आता हा लेख. त्यांनी चाळायला घेतला तो वाचतच बसले. लेखकाने दगड इंचाइंचाने मोजला होता, तळ्याच्या जुन्या बांधाचा नकाशा काढला होता, गावातल्या पाच वृद्धांच्या साक्षी त्यांच्या वयासकट आणि तारखेसकट उतरवून घेतल्या होत्या. सतराव्या पानावर होते : 'प्रा. आठल्ये यांचे अनुमान बावीस वर्षे उपहासाचा विषय झाले. परंतु गावाची परंपरा त्यांच्याच बाजूने उभी आहे.'

त्यांनी ते वाक्य दोनदा वाचले. मग हाक मारली.

"अहो, जरा इकडे या. हे मोठ्यानं वाचा."

विनोदिनीबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी वाचले. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिले.

"म्हणजे तुमचंच खरं होतं की."

"असं दिसतंय खरं."

"मग तोंड असं का? थांबा, शिरा करते."

शिरा झाला, खाल्ला. चिंतामणराव अंमळ पडले सुद्धा. किती तरी वर्षांत असे हलके वाटले नव्हते त्यांना. दुपारी उठून त्यांनी पाच साक्षी नीट वाचायला घेतल्या, आणि दुसऱ्याच साक्षीला ते ताठ बसले.

पाचही म्हाताऱ्यांनी गोष्ट सांगितली होती ती अशी. पावसाच्या रात्री तळ्याचा बांध खचू लागला. एक माणूस भगदाडात आडवा पडला. लोक त्याला ओढू लागले, तेव्हा तो म्हणाला, 'पाणी जायचं तर माझ्यावरून जाईल.'

पाचही जणांच्या तोंडी हे एकच वाक्य होते. काना-मात्रेचाही फरक नाही. लोकांच्या तोंडी राहिलेली गोष्ट अशी नसते, ती दर तोंडाला थोडी वाकते. हे चिंतामणरावांनी दोन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना शिकवले होते. पण खरी गोष्ट त्याहून साधी होती. ते वाक्य त्यांचे स्वतःचे होते. आपल्या जुन्या लेखात त्यांनी ते घातले नव्हते, कारण त्याला आधार नव्हता. पिंपळदऱ्यात शेवटच्या दिवशी संध्याकाळी गाव गोळा झाले होते. एका म्हाताऱ्याने विचारले होते, "सायेब, ह्यो मेला कशानं?" तीन दिवस ज्यांचे पिठले-भाकरी खाल्ले त्यांना 'अनुमान आहे, पुरावा नाही' असे काय सांगायचे? त्यांनी गोष्ट सांगितली. चांगली रंगवून सांगितली. गाव गप्प बसून ऐकत होते, त्या भरात ते वाक्य तोंडून गेले.

पुढचे तीन दिवस त्यांनी लेखाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या मनात आले, की कदाचित आपणच विसरलो असू. कदाचित ही गोष्ट गावात आधीपासून असेल आणि आपण तिथेच कुणाकडून तरी ऐकलेली असेल. माणूस बुडायला लागला की काय काय धरतो. पाचव्या दिवशी पहाटे ते विट्याच्या एसटीत बसले.

"मंडळ भाडं देतं का याचं?" विनोदिनीबाईंनी विचारले होते.

"नाही."

"मग नुसतं 'छापावा' असं लिहायला काय जातं तुमचं?"

जात काहीच नव्हते. उलट यायचेच होते.

विट्याला गाडी बदलून वडूजच्या रस्त्यावर एका फाट्यावर ते उतरले आणि दोन मैल चालत गावात पोचले. ऊन तापले होते. तळ्यात आता पाणी होते, दुष्काळी कामावर दोन वर्षांपूर्वी नवा बांध घातलेला दिसत होता. वीरगळ मात्र त्यांनी ओळखला नाही. त्याला चंदेरी ऑइलपेंट फासला होता, भोवती लोखंडी कुंपण होते, कुंपणाला कुलूप होते. वर पाटी होती : 'श्री तळवीर देवस्थान.' त्याखाली ते वाक्य, आणि त्याखाली बारीक अक्षरात : 'स्त्रियांनी आत येऊ नये.'

पारावर एक म्हातारा खाकी अर्ध्या विजारीत बसला होता. त्याने नाव सांगितले, कोंडीबा, फौजेतून रिटायर. सांगलीहून दगड बघायला कुणी आलंय म्हटल्यावर त्याने विचारायच्या आत गोष्ट सुरू केली. वाक्यापाशी आला तेव्हा त्याने छाती पुढे काढली.

"कुणाकडून ऐकलीत तुम्ही?" चिंतामणरावांनी विचारले.

"कुणाकडनं म्हंजे? गावाकडनं. पयल्यापास्नं चालत आलीया."

"एकावन्न साली तुम्ही गावात होता?"

"एकावन्न साली आमी अंबाल्याला. रजेवर आलो की म्हातारी सांगायची." कोंडीबा उठला. "आमच्या गावचा आकाराम हाय, वडूजच्या हायस्कुलात मास्तर. त्यो लिवतोय ह्ये समदं. नव्या कालेजात त्येला घेणार हायती, पर अट घातलीया, एक तरी लेख छापून आला पायजे. तवा आमचा वीर बी पुस्तकात जाईल आन पोरगं बी कालेजात जाईल. थांबा, किल्ली आणतो."

तो गेला. चिंतामणराव पारावर टेकले. आता त्यांना लेखकाचे नाव ठाऊक झाले होते. ते ठाऊक नसते तर बरे झाले असते.

समोरच्या घरातून एक म्हातारी तांब्या घेऊन आली. त्यांनी उठून उभ्यानेच पाणी पिऊन टाकले.

"तवा बी तुमी उभ्यानंच प्याला व्हता," म्हातारी म्हणाली. "लय म्हातारं झालासा."

चिंतामणरावांच्या हातात तांब्या तसाच राहिला.

"ओळखलंत मला?"

"वळखणार न्हाई व्हय? आमच्याच घरात भाकरी खाल्लीसा तीन दिस. सासू थापायची, मी वाढायची. अंबूबाई मी. तुमाला काय ठावं असणार म्हणा, तुमी वर बघितलं तर."

लेखातली तिसरी साक्ष अंबूबाईची होती, वय सत्तावन्न.

"अंबूबाई," ते म्हणाले, "एक विचारतो, खरं सांगा. ही वीराची गोष्ट गावात आधी होती का?"

"कुठली? तुमी सांगितल्याली?"

त्यांनी मान हलवली.

"आधी कशी आसंल? तुमी सांगितलीसा तवा झाली. हितंच, पिंपळाखाली. आमी बाया भितीच्या आडोशाला हुब्या व्हतो. मग समदी सांगाय लागली. साळंच्या भितीवर लिवली. नव्या तळ्याला त्येचंच नाव दिलं."

"मग त्याआधी दगडाचं काय सांगायचे?"

अंबूबाईने जरा विचार केला.

"सांगायचं काय न्हाई. बाळातीण उठली की पोराला घिऊन यायची. दगडाला त्याल लावायचं, त्योच हात पोराच्या टाळूवर फिरवायचा, घरला जायचं. कोण हाय, कशानं मेला, आमी कवा इचारलं न्हाई. आता वीर हाय न्हवं का? पुरुसाचा देव. बायकांनी शिवू न्हाई म्हणत्यात." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "माज्या दोनी सुनांची पोरं तशीच, बिनत्यालाची वाढली. वाढली म्हणा."

"हे तुम्ही मास्तरांना सांगितलं नाही?"

"त्यानं इचारलं, वीर कसा मेला. मी त्ये सांगितलं. त्याल कोण लावायचं त्ये त्यानं इचारलं न्हाई." तिने तांब्या परत घेतला. "तुमी बी तवा इचारलं न्हाईसा. तुमी सांगितलं."

चिंतामणरावांना अतिशय लाज वाटली. तिकडून कोंडीबा किल्ली घेऊन येत होता, त्याला पाहून अंबूबाई वळली आणि जाता जाता म्हणाली, "गोष्ट ग्वाड व्हती पर."

अभिप्राय लिहायला त्यांना चार दिवस लागले. पहिले दोन दिवस त्यांनी निरनिराळ्या सबबी शोधल्या. लेखकाची मेहनत मोठी आहे. पोर होतकरू आहे. एक लेख छापला तर इतिहासाचे काय बिघडते, रोज किती तरी कचरा छापला जातो आणि त्यातला निम्मा आपणच पास केलेला आहे. हे सगळे खरे होते. पण हा लेख छापला गेला तर यापुढे वीरगळांवर लिहिणारा प्रत्येक माणूस पिंपळदऱ्याचा दाखला देणार, आणि त्या दाखल्याच्या तळाशी पिठले-भाकरी खाऊन खूश झालेला एक प्राध्यापक बसलेला असणार. शिवाय शेपटीवाल्या पंडितांना मिळणारे उत्तरही असल्याच खोट्या पायावरचे. ते त्यांना नको झाले. हा मोठेपणा होता की दमल्यामुळे आलेला कंटाळा, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते.

त्यांनी लिहिले : 'लेख छापू नये. मांडणी उत्तम आहे, लेखकाचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. परंतु पाचही साक्षी एकाच उगमातून आल्या आहेत आणि तो उगम म्हणजे प्रस्तुत परीक्षक होय. ही कथा मी १९५१ साली पिंपळदरे येथे रचून सांगितली.' खाली, मंडळाचा नियम मोडून, सही केली.

आठवड्याने फणसळकरांचे पत्र आले. ते चिंतामणरावांचे तीस वर्षांचे स्नेही होते आणि स्नेह्यासारखेच वागले होते. 'अभिप्राय पोचला. त्यातले शेवटचे पान मी माझ्याजवळ ठेवले आहे. या वयात असले काही लिहून कोणाचे भले होणार? लेखकास "साक्षींचा उगम तपासावा, तूर्त आधार अपुरा" एवढेच कळवून लेख परत केला.'

पत्र वाचून चिंतामणरावांना सुटल्यासारखे वाटले. मग त्या सुटल्यासारखे वाटण्याचा त्यांना राग आला. त्यांनी एका कागदावर खुलासा लिहून काढला, त्रैमासिकात छापण्यासाठी, स्वतःच्या नावाने. त्यात सगळे होते, अंबूबाईचे तेलही होते. 'ही चूक श्री. आकाराम यांच्या परिश्रमपूर्वक संशोधनामुळे उजेडात आली' हेही होते. खुलासा पाठवतो म्हणून त्यांनी फणसळकरांना कळवले. पण कागद टेबलावरच राहिला. रोज सकाळी ते तो वाचत आणि एखादा स्वल्पविराम बदलत.

अशात एका रविवारी सकाळी आकाराम दारात उभा राहिला. अठ्ठावीस-तीस वर्षांचा, उंच, पांढरी विजार, हातात शेंगांची पिशवी.

"मी आकाराम घाडगे, सर. पिंपळदऱ्याचा," तो म्हणाला. "आपण गावात येऊन गेलात असं अंबूबाईनं सांगितलं. मी नेमका शाळेत होतो. फार चुटपुट लागली."

त्याने पिशवी दाराआड ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसला. विनोदिनीबाईंनी चहा ठेवला. तो जपून जपून प्रमाण मराठी बोलत होता.

"मी आपल्या वीरगळावर लेख लिहिला होता, सर. आपल्या बाजूनं. परत आला. कुणीतरी पुण्याचा माणूस असणार, आपलं नाव बघूनच पाडला त्यानं. साक्षींचा उगम तपासा म्हणतो. आता गावाच्या परंपरेचा उगम म्हणजे मी काय खणून काढू? सतरा तारखेला कॉलेजची मुलाखत आहे. आपण संपादकांना दोन ओळी लिहिल्यात, लेख छापायला घेतलाय एवढं पत्र जरी त्यांनी दिलं, तरी कमिटी माझा विचार करेल. मी आजवर कुणाकडं काही मागितलं नाही, सर."

"लेख मी पाडला," चिंतामणराव म्हणाले.

आकाराम हसला. थोरामोठ्यांची थट्टा कळली नाही तरी हसावे, तसा. मग त्याचे हसू गेले.

चिंतामणरावांनी त्याला सगळे सांगितले. संध्याकाळ, पिंपळ, म्हाताऱ्याचा प्रश्न, आणि ते वाक्य. सांगताना त्यांनी रंगवले नाही, काही वगळलेही नाही. सांगून झाल्यावर टेबलावरचा खुलासा उचलून त्याच्या हातात दिला.

"हा पुढच्या अंकात येईल. यात तुमचं नाव आहे, काम किती चोख आहे तेही लिहिलंय. हाच कागद मुलाखतीला दाखवा. कमिटीत शहाणी माणसं असतील तर लेखापेक्षा याची किंमत जास्त करतील."

आकारामने कागद वाचला. वाचायला त्याला वेळ लागला. चहावर साय धरली.

"एक्कावन्न साली मी सा वर्साचा व्हतो," तो म्हणाला. आता त्याचे प्रमाण मराठी कुठल्या कुठे गेले होते. "त्या सांजंला मी हितं... तितं व्हतो, सर. आज्याच्या मांडीवर. नाथाजी आजा. थंडी व्हती, आज्यानं मला घोंगडीत घेतल्यालं. मधनंमधनं त्यो हुं म्हणायचा तवा त्येचं पॉट हालायचं, माज्या पाठीला लागायचं. ती गोष्ट म्हटली की मला त्येच आठवतं. मला आजपत्तूर वाटत व्हतं, गोष्ट आजाच सांगत व्हता."

चिंतामणरावांनी चहाचा कप त्याच्याजवळ सरकवला.

"त्या गोष्टीपायी मी साळंत टिकलो. आमच्या गावातबी कोणतरी झालं व्हतं, म्हणून इतिहास घेतला. बाहेरून यम्ये केलं." त्याने कागदावरून बोट फिरवले. "तुमी खोटं सांगितलं व्हतं का, सर?"

या प्रश्नाची चिंतामणरावांना सवय नव्हती. लोक त्यांना पुरावा विचारत आले होते.

"नाही. तेव्हा मला तसं दिसलं होतं."

"आन आता?"

"आता दगड दिसतो."

आकाराम म्हणाला, "मला अजून दिसतंय."

त्याने कागदाची नीट चौपदरी घडी केली.

"ह्येची दुसरी प्रत हाय?"

"नाही."

"मग ह्यो मी नेतो." त्याने घडी खिशात घातली, वाकून दोघांना नमस्कार केला आणि थंडगार चहा एका घोटात संपवून तो निघून गेला.

सतरा तारीख होऊन गेली. महिनाअखेर वडूजहून कार्ड आले, त्याच सुट्या स्वच्छ अक्षरात. 'सा. न. वि. वि. मुलाखत झाली. जागा कराडच्या एका उमेदवारास मिळाली. त्यांचे दोन लेख छापलेले होते. मला विचारले, आपले काही प्रसिद्ध झाले आहे काय. मी नाही म्हणालो. आपला कागद खिशात होता, तो काढला नाही. तो कागद छापून आला तर गावात मला तोंड दाखवता येणार नाही आणि न आला तर मला वर्गात इतिहास शिकवता येणार नाही. अजून काही ठरत नाही. ठरले की कळवीन. बाईंस नमस्कार.'

चिंतामणरावांनी कार्ड विनोदिनीबाईंना दिले. त्यांनी ते वाचून परत दिले आणि त्या खिडकीपाशी तांदूळ निवडत बसल्या.

"गेली की हो त्याची नोकरी," त्या म्हणाल्या.

"गेली."

"आणि ओझंही तुम्ही त्याच्याच गळ्यात घातलंत."

"त्यानं नेलं."

"तुम्ही नेऊ दिलंत."

खुलासा पुन्हा लिहून काढणे अर्ध्या तासाचे काम होते, त्यातला स्वल्पविराम न् स्वल्पविराम त्यांना पाठ होता. त्याच दुपारी फणसळकरांचे पत्र आले, की अंक छापखान्यात जातो आहे, तुमचा खुलासा यायचा होता त्याचे काय झाले? चिंतामणरावांनी कोरा कागद पुढे ओढला आणि पहिली ओळ लिहिली. दुसरी ओळ लिहायला घेतली आणि ते थांबले. खुलासा आपल्याला लिहायचा होता तो सुटका व्हावी म्हणून, हे त्यांना आता कळत होते. त्या ओळीत आता एक घोंगडी होती, तिच्यात एक सहा वर्षांचे पोर होते, आणि त्या पोराला विचारल्याशिवाय त्यांना पुढे जाता येईना. तेवीस वर्षांपूर्वी त्यांनी कुणालाच काही विचारले नव्हते.

त्यांनी तो कागद बाजूला सारला आणि दुसरा घेतला.

'प्रिय गोपाळकृष्ण,' त्यांनी लिहिले, 'खुलासा लेखकाजवळ आहे. छापावा की छापू नये हा अभिप्राय या खेपेस त्यांच्याकडून मागवावा. सोबत त्यांचा पत्ता.'